तासाचं पहिलं झाकण

माझ्या वहीत शोभाचं नाव पहिल्यांदा येतं ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी. रोजचा जप लिहून झाला की त्याखाली दिवसाच्या चार ओळी लिहायची माझी सवय. त्या दिवशी लिहिलं आहे, "पोथीला नवीन बाई आली. मागच्या चाळीतली, धुळ्याकडची. शिऱ्याची वाटी विसळून पालथी घालून गेली. बोलली नाही काही."

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सगळ्या आल्या, ती आली नाही. आषाढापासूनच येत नाही. का येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते चार ओळींत मावणारं नाही. म्हणून आज जप बाजूला ठेवून हेच लिहायला बसले आहे. देव समजून घेईल. त्यानं समजून घ्यायचं तसं बरंच बाकी आहे.

शोभाचं माहेर साक्री तालुक्यातलं. बारावी झाली, त्याच वर्षी लग्न झालं आणि नवरा रघुनाथ तिला सिल्वासाला घेऊन आला. तो धाग्याच्या कारखान्यात फिटर. पूजा, तिची मुलगी, चालायला लागली तशी शोभा खडोलीच्या एका कारखान्यात तपासणीला लागली. तिथं औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनतात. टेबलावर झाकणांचा ढीग ओतायचा, एकेक उचलून कडा बघायची, डाग बघायचा, वाईट निघालं तर लाल टोपलीत टाकायचं. आठ तास हेच, आणि बसायला बिनपाठीचं स्टूल.

"काकू, पहिल्या महिन्यात मला घरी ताटातसुद्धा झाकणं दिसायची," ती सांगायची. "वरणात पोहायची मेली."

कारखान्यात तिला सगळे शोभाबेन म्हणायचे. इथं चार वर्षं एका जागी टिकली की कुठलीही बाई बेन होते, मग ती धुळ्याची असो की दापोलीची.

शोभाच्या घरी पहिली भाकरी गाईची. चाळीत गाय कुठून येणार? पण सासूनं घालून दिलेली रीत तिनं सोडली नाही. सकाळची पहिली भाकरी फडक्यात बांधायची आणि खडोलीच्या फाट्यावर गाडीतून उतरली की जी गाय दिसेल तिला घालायची. तेच तिनं कामावर नेलं. मशीन सुरू झालं की साच्यातून पडणारं पहिलं झाकण तिला ढिगात टाकवेना. ते तिनं बाजूला ठेवलं. मग दर तासाला प्रत्येक मशीनचं पहिलं झाकण ठेवू लागली. छोट्या पिशवीत घालायचं, पिशवीवर मशीनचा नंबर, तारीख आणि तास लिहायचा, आणि तपासणीच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवायची. भिंत भरली की जुन्या पिशव्या खोक्यात, खोकी जिन्याखाली. दुसऱ्या शिफ्टच्या बायकांनाही तिनं हीच सवय लावली.

तिच्या टेबलावरची चंदा, किलवणीची, तोंडाची मोठी फटकळ. ती म्हणायची, "शोभाबेन, मशीनला नैवेद्य दाखवतेस काय रोज?"

"दाखवते. तुझ्यासारखं मागत तर नाही ना ते!"

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. अशी सहा वर्षं गेली. मधल्या काळात ती टेबलाची प्रमुख झाली, मग शिफ्टची सुपरवायझर.

मागच्या वर्षीच्या आधीच्या श्रावणात एका औषध कंपनीनं कारखान्याला कळवलं की बाटल्या गळतात, झाकणं ढिली आहेत. अकरा लाख झाकणं अडकली. ती सगळीच्या सगळी दळून टाकायची म्हणून वरून हुकूम आला. कारखान्याचे मॅनेजर भगवंत सर डोक्याला हात लावून बसले होते. शोभा त्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, दळू नका. माझ्याकडे पिशव्या आहेत."

"कसल्या पिशव्या?"

तिनं त्यांना भिंतीपाशी नेलं. मग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ती आणि चंदा बसल्या. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरायचं, पिशवीतलं झाकण लावायचं, बाटली उलटी ठेवायची, कागद ओला होतो का बघायचा. दोन दिवस चाललं होतं. निघालं ते एवढंच, की चार नंबरच्या मशीनवर एका मंगळवारी दुपारी दोन ते पाच या तीन तासांतली झाकणं ढिली होती. एकोणीस खोकी. बाकीचा सगळा माल चोख.

याचा अहवाल इंग्रजीत लिहून पाठवायचा होता. तो तुषारनं लिहिला. तुषार म्हणजे कारखान्यात नुकताच लागलेला डिप्लोमावाला मुलगा, वापीहून मोटारसायकलवर येणारा. मुलगा वाईट नाही. शोभाताई शोभाताई करत मागे फिरायचा, तिनं आणलेली ठेचा-भाकरी मागून खायचा. त्यानं पिशव्यांचे फोटो काढले, तक्ते केले, त्या पद्धतीला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. औषध कंपनीचं समाधान झालं. अहवालाखाली सही तुषारची होती. लिहिला त्यानं, म्हणून सही त्याची. शोभाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं. माझ्या वहीत त्या दिवशी आहे, "शोभाच्या हातून चांगलं काम झालं. देवाची कृपा."

पुढे तपासणी आणि पॅकिंगचे जुने इन्चार्ज नोकरी सोडून अंकलेश्वरला गेले. त्यांची जागा रिकामी राहिली आणि काम शोभाच्या अंगावर आलं. चौदा महिने तिनं ते केलं. खुर्ची मात्र केबिनमध्ये रिकामी. ती त्या खुर्चीवर कधी बसली नाही, शेजारी उभी राहून फोन घ्यायची.

मी एकदा विचारलं, "बसत का नाहीस गं?"

"बसायला सांगितलं कुठे कुणी?"

मग ज्येष्ठ महिन्यात कारखान्यात सूचना लागली. इन्चार्जची जागा भरायची आहे, आतल्या माणसांनी अर्ज करावेत, मुंबईच्या ऑफिसातून मॅडम येऊन मुलाखती घेतील. पदवी किंवा डिप्लोमा, नाहीतर दहा वर्षांचा अनुभव. शोभाचा अनुभव सोळा वर्षांचा. पूजानं आईचा अर्ज लिहून दिला.

शोभाला ती जागा का हवी होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर कुणीतरी म्हणालं की बाईला मोठेपणाची हाव सुटली. तिला स्टुलांना पाठ हवी होती. तपासणीच्या बत्तीस बायका आठ आठ तास बिनपाठीच्या स्टुलांवर वाकून बसतात. चंदा कंबरेला पट्टा बांधून येते. शोभानं तीनदा लिहून दिलं होतं आणि तीनदा उत्तर आलं होतं की याचा निर्णय इन्चार्जच्या पातळीवर होतो. "मग इन्चार्जच होते ना मी," ती म्हणाली. "पाठीच्या खुर्च्या आणायच्या तर आधी एका खुर्चीत बसायला लागेल, असं आहे ते."

रघुनाथ तिला चिडवायचा. "आता काय, आम्हाला घरात शिरायला गेटपास लागेल. जेवणाचा टाइम लिहून द्यावा लागेल."

"लागेलच. आणि ताट घासल्याशिवाय आउट नाही."

मुलाखतीच्या आदल्या गुरुवारी पोथी झाल्यावर ती थांबली. म्हणाली, "काकू, मी आजवर एकच मुलाखत दिलीय. रघुनाथचे लोक बघायला आले होते ती. पाटावर बसायचं, खाली बघायचं. बोलायचं काम मामाचं होतं. मामा म्हणाला, पोरगी सगळं करते. झालं, जमलं!"

आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यातच सगळं होतं, पण मला तेव्हा दिसलं नाही.

आमचे हे निवृत्त शिक्षक. पाटावर नव्हे पण खुर्चीवर तिला बसवून त्यांनी सराव घेतला.

"शोभाबाई, तुमच्यातला एक दोष सांगा."

"राग लवकर येतो गुरुजी."

"कशाचा?"

"दोष विचारणाऱ्याचा."

हे खूप हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, शाळेत शिक्षक निवडायच्या कमिटीवर मी अकरा वर्षं बसलो आहे. समोरचा माणूस म्हणाला की सगळ्यांच्या सहकार्यानं झालं, की आम्ही पुढचं नाव पुकारायचो. कारण सगळ्यांच्या सहकार्याला नेमणूकपत्र देता येत नाही. तुम्ही काय केलंत ते सांगायचं. ती पिशव्यांची गोष्ट सांगायची. मी ठेवल्या, मी शोधलं, मी दळण थांबवलं."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला काय सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहिते, कारण त्या दिवशीच्या वहीत मी ते लिहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "यांचं ऐकू नकोस. मी मी करणारी बाई कुणाला आवडते? आणि ते पहिलं झाकण तू देवाच्या नावानं बाजूला ठेवलंस ना? देवाच्या नावानं केलेल्याची दवंडी पिटायची नसते, त्यातलं सत्त्व जातं. चार माणसांत दुसऱ्याचं नाव पुढे कर. तुझं मोल तिथं बसलेल्या मोठ्यांना माहीत आहे, तेच बोलतील."

हे म्हणाले, "अगं, ती पोथी नाही, मुलाखत आहे."

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही चहा घ्या."

शोभानं मान डोलावली. तिला माझंच पटलं. माझं सांगणं तिच्या सासूसारखं होतं, आईसारखं होतं, लहानपणापासून कानावर पडलेलं होतं. यांचं सांगणं नवं होतं.

मुलाखत सोमवारी झाली. त्यात काय झालं ते तिनं मला शब्द न् शब्द सांगितलं, आणि तेही एकदा नाही. शेवटी शेवटी ती ते असं सांगायची जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

केबिनमध्ये टेबलापलीकडे दोघं. मुंबईच्या मृणाल मॅडम आणि त्यांच्या शेजारी भगवंत सर. मॅडम चाळिशीच्या, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या, म्हणजे भाषेचं कारणसुद्धा आम्हाला उरलं नाही. त्यांनी तिला पाणी दिलं. म्हणाल्या, घाबरू नका, प्रत्येकाला मी हेच सात प्रश्न विचारणार आहे. पुढ्यात छापील कागद होता आणि तुषारनं लिहिलेला तो अहवालही होता.

चौथा प्रश्न तो होता. "ढिल्या झाकणांचं प्रकरण तुमच्या विभागात झालं. दर तासाला नमुना ठेवायची ही जी पद्धत आहे, ती कशी सुरू झाली?"

शोभानं भगवंत सरांकडे पाहिलं. सरांनी ती भिंत पाहिली होती. तिनं त्यांना हाताला धरून नेल्यासारखं तिथं नेलं होतं. वर्तमानपत्रावर पाणी सांडत होतं तेव्हा ते डोक्यावर उभे होते. तिला वाटलं, आता मामा बोलणार.

सर कागदाकडे बघत राहिले.

मग ती म्हणाली, "तुषार सरांनी केलं ते. अहवाल त्यांचाच आहे. देवाच्या कृपेनं निभावलं."

मॅडमनी लिहून घेतलं. मग मान वर करून पुन्हा विचारलं, "बरं. आणि त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?"

"मी काय, नुसतं झाकण बाजूला ठेवत होते."

"म्हणजे सांगितलेलं काम करत होतात?"

इथं शोभा थांबली. ती मला म्हणाली, "काकू, त्या वेळी माझ्या तोंडात आलं होतं. जिभेवर होतं. पण मला तुमचा आवाज ऐकू आला."

ती मॅडमना म्हणाली, "सगळे मिळूनच करतो हो आम्ही."

अठरा मिनिटांत मुलाखत संपली. तिच्यानंतर तुषार आत गेला. त्यालाही तेच सात प्रश्न. चौथ्या प्रश्नाला तो म्हणाला, मी केलं. आणि मॅडमच्या कागदावर त्याच्या आधीच साक्ष लिहिलेली होती. शोभाच्या तोंडची.

शनिवारी यादी लागली. तुषार.

त्याच दिवशी संध्याकाळी तो पेढे घेऊन शोभाच्या खोलीवर आला. मी तिथंच होते, पूजाला बघायला गेले होते, ती पोरगी सकाळपासून जेवली नव्हती. तुषार दारातच वाकून शोभाच्या पाया पडला.

"ताई, तुमच्यामुळे झालं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या विभागातल्या सीनिअर बाईंनीसुद्धा तुमचंच नाव घेतलं. मला खरंच अपेक्षा नव्हती, ताई. एवढं मोठं मन!"

पूजा आतून म्हणाली, "तुम्ही काय सांगितलं मॅडमना?"

"कशाचं?"

"पिशव्यांचं. कुणी सुरू केल्या म्हणून सांगितलं?"

तुषारनं पेढ्यांचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "अगं, सिस्टीम म्हणून तर मीच बसवली ना. डॉक्युमेंटेशन, फॉरमॅट... ताईंनाही माहितीय ते. हो ना ताई?"

शोभानं पेढा उचलला, अर्धा मोडला, अर्धा परत डब्यात ठेवला. म्हणाली, "हो. चहा घेणार?"

रघुनाथ उठून बाहेर गेला. त्यानं त्याची चिडवाचिडवी त्या दिवसापासून बंद केली. ती परत सुरू झालेली मी ऐकलेली नाही.

चार दिवसांनी शोभानं भगवंत सरांना जिन्यापाशी गाठलं. "सर, तुम्हाला तर माहीत होतं."

सर ओशाळले म्हणे. म्हणाले, "शोभाबेन, मला तोंड उघडायची बंदी होती. मॅडमचा नियमच तसा होता. आतला माणूस मध्ये बोलला तर पक्षपात होतो. सगळ्यांना सारखी संधी. मला तर वाटत होतं तुम्ही आता सांगाल, आता सांगाल."

"आणि मला वाटत होतं तुम्ही सांगाल."

नियम चुकीचा होता असं मलाही म्हणता येत नाही. सारखे प्रश्न, सारखा वेळ, पाणीसुद्धा सारखं. मॅडमनी नंतर शोभाला फोन करून कारणही सांगितलं. इतकं कोण करतं? त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला दोनदा विचारलं. नेतृत्व करायचं तर स्वतःच्या कामाची जबाबदारी घेता यायला हवी. त्या रकान्यात मला तुम्हाला दोनच गुण देता आले. पुढच्या वेळी तयारी करून या."

तयारी तर झाली होती. माझ्याच घरी.

पण मी रोज देवापुढे बसते तेव्हा एक गोष्ट मनातून जात नाही. त्या केबिनपासून ती भिंत चाळीस पावलांवर आहे. शोभानं मोजली आहेत. पिशव्यांवर आठ वर्षांच्या तारखा आहेत, त्यातल्या सहा वर्षं तुषार शाळा-कॉलेजात होता. अक्षर शोभाचं. ज्या बाईनं सात प्रश्न छापून आणले, तिनं आठवा प्रश्न म्हणून खुर्चीतून उठून चाळीस पावलं टाकली असती तर? चंदाला नुसतं विचारलं असतं, हे कुणाचं गं? चंदानं पत्ता, गोत्र सगळं सांगितलं असतं. पण माणूस निवडायला आलेल्यांनी त्या माणसाचं काम बघायचं, असं त्या कागदात नव्हतं. कागदात माणसानं आपल्या कामाबद्दल काय बोलायचं तेवढंच होतं. आणि बोलायचं नाही हे तर आम्ही तिला शिकवलेलं.

तुषारनं खुर्चीवर बसल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्या भिंतीवरचे खिळे काढून काचेचं कपाट बसवलं. कपाटावर इंग्रजीत पद्धतीचं नाव आणि खाली त्याचं नाव. बाहेरचे पाहुणे आले की तिथं उभे राहून फोटो काढतात. स्टुलांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी बघू ना. आत्ताच कपाट झालं." चंदाचा पट्टा तसाच आहे.

शोभानं नोकरी सोडली नाही. पूजा बारावीला आहे. पण ती बदलली. कामावर झाकणं ठेवायची ती ठेवते, कपाटाचं रजिस्टर आहे, सही करावी लागते. फाट्यावरची गाय वाट बघत असते असं तिच्या गाडीतल्या बायका सांगतात. गाईचं काय, तिला काय कळतं? तरी मला ते ऐकवलं नाही.

भाद्रपदात टेबलप्रमुखाची जागा निघाली. तुषारनं मुलाखती घ्यायला शोभाला बसवलं. "ताई, माणसं तुम्हीच ओळखता." छापील कागद तिच्या हातात आला. गलोंड्याची एक मुलगी होती, गुड्डी, सात वर्षं तपासणीला, हात विजेसारखा. चंदा तेव्हा दारात खोकी मोजत होती, तिनं मला हे सांगितलं.

शोभानं विचारलं, "सहा महिन्यांत तुझ्या टेबलावरून एकही खोकं परत आलं नाही. कसं?"

गुड्डी हात जोडून म्हणाली, "तुमचा आशीर्वाद, शोभाबेन."

"मी आशीर्वाद दिला नाही. परत सांग."

"देवाची दया..."

"देव टेबलावर बसत नाही. त्याला स्टूल मिळालेलं नाही. काय केलंस ते सांग."

गुड्डीला रडू आलं. म्हणाली, "बेन, मी एकटीनं काय केलं? सगळ्याजणी..."

शोभा टेबलावर हात आपटून ओरडली, "मी म्हण! मी केलं म्हण! नाहीतर दुसऱ्याला देते ही जागा."

त्या पोरीनं हुंदके देत देत सांगितलं, की मी खोकं बंद करायच्या आधी तळाची शंभर झाकणं परत काढून बघते, घाईत वरचीच बघितली जातात म्हणून. शोभानं ते लिहून घेतलं, पाचात पाच दिले, आणि मग म्हणे उठून चाळीस पावलं चालत गुड्डीच्या टेबलापर्यंत गेली. तळाची झाकणं स्वतः उचलून बघितली. जागा गुड्डीला मिळाली. चंदा म्हणाली, "पण काकू, मिळाल्यावर ती हसली नाही. घाबरूनच गेली शोभाबेनला. आम्ही सगळ्याच घाबरतो आता."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आज पोथी संपल्यावर मी प्रसादाची वाटी घेऊन स्वतःच तिच्या खोलीवर गेले. त्यांच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारीच असते, ती घरात होती. भाकऱ्या थापत होती. मला बघून तिनं पाट सरकवला, उठली नाही.

मी म्हटलं, "आज पहिला गुरुवार होता गं."

"माहीत आहे."

"तुझ्यासाठी थांबलो होतो थोडं."

"कशाला थांबलात काकू? उशीर झाला असेल देवाला."

मी वाटी खाली ठेवली. वाटेत ठरवून आले होते ते बोलून टाकलं. "शोभा, माझं चुकलं. हे म्हणत होते ते बरोबर होतं. मी मध्ये पडायला नको होतं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुम्ही एकट्यांनी कुठं शिकवलं? आईनं शिकवलं, सासूनं शिकवलं. तुम्ही शेवटच्या. तुमच्यावर राग काढला तर बाकीच्यांचा उरतोच." हातातलं पीठ झाडत ती पुढे म्हणाली, "पण पोथीला बोलावू नका मला. तिथं बसले की तोच आवाज येतो."

भाकरी फुगली. तिनं ती विस्तवावरून काढली, आणि नऊ वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं तसं ती बाजूला फडक्यात ठेवील म्हणून मी सवयीनं फडकं तिच्याकडे सरकवलं. पहिलीच भाकरी होती ती.

तिनं फडकं घेतलं नाही. भाकरी मोडली, वाफ निघाली, आणि बसल्या बसल्या एक तुकडा तोंडात टाकला.

"पहिली आता मी खाते काकू," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं, किती गरम असते."